१९२.१६८.१.१ म्हणजे नक्की कोण?

मस्कतला आल्यावर मला पहिला धक्का बसला तो उन्हाचा नाही. ऊन अपेक्षितच होतं. धक्का बसला तो पत्त्याचा. २०१६ साली नेदरलंड्समधली डॉक्टरेट एकदाची आटोपून मी इकडे नोकरीला आलो, अल खुवैरमध्ये फ्लॅट घेतला आणि आईला फोनवर पत्ता सांगायला बसलो. वे नंबर अमुक, बिल्डिंग नंबर तमुक, फ्लॅट नंबर ढमुक. आईने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "पोस्टमन किती वाजता येतो रे?"

पोस्टमन येतच नव्हता. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांचं टपाल कंपनीच्या एका पोस्ट बॉक्समध्ये यायचं. पेटीचा क्रमांक आणि पुढे तीन आकडी कोड, म्हणजे रुवीसाठी ११२, अल खुवैरसाठी १३३, एवढाच टपालाच्या दृष्टीने तुमचा पत्ता. पेटीची किल्ली कंपनीच्या मंदूबकडे (मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांमधली कामं करून आणणारा माणूस. आखातात राहिलेल्यांना सांगायला नको). तो आठवड्यातून एकदोनदा गठ्ठा आणायचा आणि ऑफिसात उभा राहून नावं पुकारायचा. घराच्या भिंतीवर नगरपालिकेने लावलेल्या क्रमांकाच्या पाट्या होत्या, पण पिझ्झावाल्यासकट सगळे फोन करूनच विचारायचे, "कुठली मशीद जवळ आहे?"

मला तेव्हा हे फार मागासलेलं वाटलं. डच पोस्टाची सवय झालेली. तिथे चार आकडे आणि दोन अक्षरांचा कोड आणि घर क्रमांक एवढं सांगितलं की रस्त्याचं नावसुद्धा लागत नाही. पण मग माझ्याच धंद्यातली एक गोष्ट लक्षात आली आणि मी गप्प बसलो. तुम्ही हे ज्या कॉम्प्युटरवर वाचताय तोसुद्धा शेवटच्या टप्प्यावर मंदूबसारखाच वागतो. म्हणजे खोलीत उभं राहून नाव पुकारतो. आणि जो "मी!" म्हणेल त्याच्या हातात पत्र देतो. ओळखपत्र बघत नाही.

आजचा विषय हाच. नेटवर्कवर लिहिलं की अर्धे वाचक पळतात हे मला माहीत आहे, पण यात एका मुलाची नोकरी अडकली होती, आणि ती घालवण्यात माझा मोठा वाटा असता. त्यामुळे जरा धीर धरा.

आधी आपल्या गावाकडच्या पत्त्यापासून सुरुवात करू. मु. पो. अमुक, ता. तासगाव, जि. सांगली. हा पत्ता टपालखातं उलटा वाचतं. मुंबईत पत्र टाकलं की तिथल्या माणसाला तुमच्या गल्लीशी काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच कळावं लागतं की ही गोणी सांगली-कोल्हापूरकडची. पिनकोड त्यासाठीच आला, १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे मोठे जाणकार. ४ म्हटलं की आपला विभाग (महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वगैरे), ४१६ म्हटलं की सांगली-कोल्हापूरकडची गोणी. पत्र पुढे सरकतं तसा एकेक आकडा कामाला येतो. इंटरनेटवरचं राउटिंग तत्त्वतः असंच चालतं. बत्तीस बिटांचा आयपी पत्ता, त्याचा पुढचा भाग बघायचा आणि पाकीट त्या दिशेच्या पुढच्या राउटरकडे ढकलायचं. प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा माहीत. (डबेवाल्यांचं उदाहरण इथे देणार नाही. ते आता फार झालं.)

पण पत्र तासगावच्या त्या गावात पोचल्यावर काय होतं? पिनकोड तिथे संपतो. पोस्टमन जुना असेल तर त्याला माणसं पाठ असतात. नवीन असेल तर तो पारावर थांबून विचारतो, "हे शिवाजी आण्णा कुठलं?" मग कुणीतरी हात करतं. हे विचारणं पिनकोडच्या शास्त्रात बसत नाही, पण याशिवाय एकही पत्र पोचत नाही.

नेटवर्कमध्ये या पारावरच्या विचारण्याला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर नावाच्या एमआयटीतल्या माणसाने नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या टिपणात तो लिहून ठेवला आणि चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी जवळपास तसाच चालू आहे. प्रश्न साधा होता. आयपी पत्ता हा माणसांनी वाटून दिलेला, सोयीप्रमाणे बदलणारा. पण तारेवरून प्रत्यक्ष पाकीट पाठवायचं तर समोरच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता लागतो, ज्याला मॅक पत्ता म्हणतात. तो अठ्ठेचाळीस बिटांचा, कारखान्यातून छापून येणारा. त्यातला पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीला दिलेला असतो, म्हणजे आडनावासारखा. मग आयपीवरून मॅक शोधायचा कसा? प्लमरचं उत्तर असं: सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "१९२.१६८.१.१ कोण आहे? मला सांगा." ज्याचा तो पत्ता आहे तो एकटा उत्तर देईल, "मी, आणि हा माझा मॅक." विचारणारा ते आपल्या वहीत लिहून ठेवतो आणि पुढची काही पाकिटं न विचारता पाठवतो. वही किती वेळ ग्राह्य धरायची हे यंत्रावर अवलंबून. हल्लीच्या विंडोजमध्ये नोंद मिनिटभराच्या आत शिळी होते, तर सिस्कोचे राउटर मुळात चार तास धरून ठेवतात.

आता यातली गंमत बघा. मूळ टिपणात पाकीट हातात आल्यावर काय करायचं याच्या पायऱ्या दिल्या आहेत. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता आधीच वहीत असेल तर नवा मॅक लिहून घ्या ही पायरी आधी येते, आणि हा प्रश्न आहे की उत्तर हे बघण्याची पायरी त्यानंतर. म्हणजे मी काही विचारलंच नसेल तरी कुणी आपणहून येऊन "मी १९२.१६८.१.१" म्हणाला तर जुनं खोडून त्याचं नाव लिहायचं. खरा कोण याची चौकशी कुठेच नाही. जो शेवटचा बोलला तो खरा.

दुसरी गोष्ट, जी कॉलेजात मला नीट कुणी सांगितली नाही. तुमचं पाकीट जेव्हा बाहेरच्या जगात जायचं असतं, समजा मस्कतहून पुण्याला, तेव्हा त्यावर दोन पत्ते असतात. आतल्या लिफाफ्यावर पुण्याचा आयपी. बाहेरच्या लिफाफ्यावर मात्र पुण्याचं काहीच नसतं. तिथे असतो तुमच्याच खोलीतल्या राउटरचा मॅक. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर बाहेरचा लिफाफा फाडून नवा घातला जातो, आतला पुण्याचा पत्ता तोच राहतो. तुमचा कॉम्प्युटर आपल्या मास्कशी पत्ता ताडून फक्त एवढंच ठरवतो की हा माणूस आपल्या गल्लीतला की परगावचा. गल्लीतला असेल तर त्याचं नाव पुकारायचं, परगावचा असेल तर राउटरचं. म्हणजे जगातल्या कुठल्याही कोपऱ्याशी बोलायचं असलं तरी आधी गल्लीत ओरडावंच लागतं, आणि कुणी खोटं किंवा चुकीचं "मी" म्हणालं तर तिथेच सगळं संपतं.

एवढं पाठांतर झालं. आता गोष्ट.

२०१७ च्या उन्हाळ्यात मला एका मुलाचा फोन आला. तासगावकडचा, वय तेवीस-चोवीस, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. त्याला इथे तासगावकर म्हणू. घाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत तो 'आयटी' होता. (होय, घालाच. मस्कतमधला गोदामांचा आणि वर्कशॉपचा भाग. मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकून हसू येतं, मग सवय होते.) 'आयटी' म्हणजे काय तर प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत जे काही वायरीला जोडलेलं असेल ते सगळं याच्या गळ्यात. चाळीसेक कॉम्प्युटर, दोन साधे स्विच आणि एक राउटर.

"दादा, नेट जातंय. सारखं जातंय. आणि सगळ्यांचं एकदम नाही जात."

मी लक्षणं विचारली. काही कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद, शेजारच्यावर चालू. राउटर बंद करून चालू केला की सगळ्यांचं सुरू होतं, मग दहा-वीस मिनिटांत एकेक गळायला लागतो. फाइल सर्व्हर आणि प्रिंटर मात्र सगळ्यांना व्यवस्थित मिळतात. मी विचारलं, "बंद पडलेल्या मशीनवरून राउटरला पिंग जातंय का?" तो म्हणाला, "जातंय दादा. एक मिलिसेकंदात उत्तर येतंय."

इथे मी शेण खाल्लं. माझा प्रबंध मोठ्या नेटवर्कवरच्या राउटिंगवर. डायक्स्ट्राचा १९५९ चा अल्गोरिदम झोपेत सांगेन, त्याच्याच देशात चार वर्षं काढून आलेला माणूस. मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, "हे बघ, राउटरपर्यंत पिंग जातंय म्हणजे तुझ्या ऑफिसातलं नेटवर्क ठीक आहे. दोष पुढे आहे. लाइनवाल्यांना बोलव."

त्याने मॅनेजरला हेच सांगितलं. "डॉक्टर असलेल्या एका माणसाने सांगितलंय" असंही सांगितलं म्हणे. लाइनवाले आले, त्यांनी आपला लॅपटॉप थेट राउटरला लावला आणि अर्धा तास व्हिडिओ चालवून दाखवला. लाइन उत्तम. मॅनेजरने तासगावकरला सर्वांसमोर विचारलं, मग दोष कुणात? आणि महिनाअखेरपर्यंत नीट झालं नाही तर घरी जायचं तिकीट काढू असं सांगितलं.

ज्यांनी आखात पाहिलेलं नाही त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. तेव्हा जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर देश सोडून गेल्यावर दोन वर्षं ओमानात दुसऱ्या नोकरीवर येता येत नसे. (ती अट जानेवारी २०२१ पासून काढली.) पोराच्या वडिलांनी एजंटला पैसे देण्यासाठी द्राक्षबागेवर कर्ज काढलेलं. मुलगा येऊन जेमतेम नऊ महिने झालेले. आणि मी दिलेला सल्ला चुकीचा होता, हे मला अजून कळलेलंही नव्हतं. फक्त त्याचा आवाज ऐकून बरं वाटलं नाही म्हणून शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी घालाला गेलो.

रिकामं ऑफिस, चार-पाच मशीनं चालू करून ठेवलेली. एकावर नेट आहे, शेजारच्यावर नाही. दोन्हीकडून पिंग व्यवस्थित. तासभर मी राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. काही नाही. मग केवळ काही सुचेना म्हणून दोन्ही मशीनवर 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली. ही आज्ञा म्हणजे मघाची ती वही उघडून दाखवते. आणि तिथे लख्ख लिहिलेलं होतं. दोन्ही वह्यांत १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता. पुढचे मॅक मात्र वेगवेगळे. आडनावसुद्धा वेगळं.

म्हणजे खोलीत दोघं जण "मी १९२.१६८.१.१" म्हणत होते. पिंगला उत्तर येत होतं हे खरंच होतं. पण देणारा राउटर नव्हता! इंटरनेटची पाकिटं त्या दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन पडत होती, आणि त्याला पुढे पाठवायचं माहीतच नसल्यामुळे तो ती टाकून देत होता. फाइल सर्व्हर आणि प्रिंटर चालत होते कारण ते गल्लीतलेच, त्यांची नावं वेगळी पुकारली जात होती. राउटर बंद-चालू केला की तो उठल्या उठल्या आपला मॅक सगळ्यांना ओरडून सांगायचा, वह्या दुरुस्त व्हायच्या, आणि मग नोंदी शिळ्या होऊन पुन्हा पुकारा झाला की ज्याचं उत्तर शेवटी पोचेल त्याची नोंद. राउटर रीस्टार्ट केल्यावर बरं वाटतं म्हणून सगळ्यांनी राउटरलाच आजारी ठरवलं होतं. आणि दोष लाइनमध्ये आहे हे ठरवणारा डॉक्टर मी.

आता हा दुसरा कोण हे शोधायचं. मॅकच्या पहिल्या भागावरून बनवणारी कंपनी कळली, ती कॅमेऱ्यांचं सामान बनवणारी. एका मशीनवर पिंग सतत चालू ठेवून स्विचमधल्या वायरी एकेक करून उपटायला लागलो. सतरावी की अठरावी वायर काढली आणि पिंग तीन-चार वेळा चुकलं, मग परत सुरू झालं. वही उघडली तर आता खऱ्या राउटरचा मॅक. ती वायर फॉल्स सीलिंगमधून स्टोअररूममध्ये गेली होती. तिथे खोक्यांच्या मागे, दोन आठवड्यांपूर्वी बसवलेला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. स्क्रीन जोडून सेटिंग बघितलं. आयपी पत्ता: १९२.१६८.१.१. त्याखाली गेटवे: १९२.१६८.१.१. बसवणाऱ्याने दोन्ही रकान्यांत एकच आकडा भरला होता.

मी हसलो. तासगावकर हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, "दादा, त्यानं मला फोन केलावता. आयपी काय आहे म्हणून. मीच सांगितलावता, एकशेब्याण्णव एकशेअडुसष्ट एक एक."

त्याने आपल्या परीने बरोबरच सांगितलं होतं. बसवणाऱ्याने विचारलं होतं रेकॉर्डरला कुठला द्यायचा, याने सांगितला राउटरचा कुठला. फोनवर, दोघांची मोडकी हिंदी, दोघंही घाईत. आता सोमवारी... चुकलं, रविवारी (इथला आठवडा रविवारी सुरू होतो) मॅनेजरला काय सांगायचं? मी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: 'दोन उपकरणांना एकच पत्ता दिला गेला होता. रेकॉर्डरचा पत्ता बदलला आहे.' कुणी दिला गेला होता ते लिहिलं नाही. हे बरोबर केलं का, यावर बायकोचं आणि माझं आजही एकमत नाही. तिचं म्हणणं, खरं सांगून टाकायला हवं होतं, एवढ्या चुकीवरून कुणी घरी पाठवत नाही. माझं म्हणणं, पाठवतात.

आता माझं मत. ते थोडं रागाचं आहे, चालवून घ्या.

आपल्याकडे नेटवर्क शिकवायची पद्धत वरून खाली येते. आधी सात थरांचा तक्ता पाठ. मग राउटिंगचे अल्गोरिदम, कारण त्यावर गणितं घालता येतात. एआरपीला अर्धं पान, 'टीप लिहा' मध्ये पाच मार्क. मी शिकलो तेव्हा तसं होतं आणि इथे मुलाखतीला येणारी मुलं बघता अजूनही फारसं वेगळं दिसत नाही. त्यामुळे पोरांना ओएसपीएफ सांगता येतं, पण दोन मशीनच्या वह्या शेजारी ठेवून बघा हे सुचत नाही. मला सुचायला एक आठवडा लागला, मग त्यांना काय बोलणार? छोट्या ऑफिसातल्या, शाळेतल्या, लेबर कँपमधल्या नेटवर्कला राउटिंगचा प्रश्न येतच नाही. एकच दार असतं. तिथले दोष असतात गल्लीतले. आणि नोकरीला लागलेल्या मुलाच्या वाट्याला आधी हीच नेटवर्क येतात.

मोठ्या राउटिंगचं कौतुक मी कमी करत नाहीये. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, दोन दिवसांनी दुबई आणि ओमानच्या मधली फाल्कन केबल तुटली. आखात आणि भारत दोन्हीकडे नेट रखडलं, जगभर बातम्या झाल्या, आणि तरीही बरीचशी वाहतूक इकडून तिकडून वळवली गेली. मोठ्या रस्त्याला पर्याय असतात, त्यावर लक्ष ठेवणारी माणसं असतात, तुटलं की पेपरात येतं. गल्लीत चुकीच्या माणसाने "मी" म्हटलं तर बातमी होत नाही. सगळं हिरवं दिसत राहतं, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात वायरी त्याच्यावर शेकतं.

काही मित्र म्हणतात, हा प्रश्न आता जुना झाला. चांगल्या स्विचमध्ये सोय असते. कुठल्या मशीनला कुठला आयपी वाटला याची नोंद स्विच ठेवतो आणि त्याच्याशी न जुळणारं एआरपी उत्तर तिथेच अडवतो. बरोबर आहे. तसले स्विच मी स्वतः कामावर वापरतो. पण घालातल्या त्या ऑफिसात रुवीतल्या दुकानातून आणलेले सर्वांत स्वस्त डबे होते, ज्यांना सेटिंग नावाचा प्रकारच नसतो, आणि जगातली बहुतेक छोटी ऑफिसं अशीच असणार. कुणी म्हणतं प्रत्येक मशीनच्या वहीत राउटरचा मॅक कायमचा लिहून टाका. टाका की. मग राउटर जळून नवा आला की चाळीसच्या चाळीस मशीनं बंद, आणि ज्याने लिहिलं तो गावी लग्नाला गेलेला. २००८ मध्ये आरएफसी ५२२७ आलं. त्यात सांगितलंय की पत्ता घेण्याआधी यंत्राने स्वतःच विचारावं, हा पत्ता कुणाचा आहे का, आणि उत्तर आलं तर घेऊ नये. शहाणपणाची गोष्ट आहे. पण आमच्या रेकॉर्डरने ते केलेलं दिसलं नाही. राहिलं आयपीव्ही६. त्यात ओरडणं कमी केलंय, सगळ्यांऐवजी मोजक्यांना ऐकू जाईल असं विचारतात, पण उत्तरावर विश्वास ठेवायची पद्धत तीच. त्याला सहीशिक्क्याची जोड देणारं सेंड नावाचं प्रकरण २००५ मध्ये आलं, ते प्रत्यक्षात वापरणारा अजून मला भेटलेला नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळं लिहूनही प्लमरला दोष द्यावासा मला वाटत नाही. कोणीही येऊन वायर लावावी, नाव सांगावं आणि कामाला लागावं, ही त्याने दिलेली सोय फार मोठी आहे. प्रत्येक यंत्राला आधी ओळखपत्र काढायला लावलं असतं तर घरोघरी नेटवर्क झालीच नसती. १८६४ साली मस्कतमध्ये पहिलं पोस्ट उघडलं ते हिंदुस्थानच्या टपालखात्याचं, आणि तिथेही किनाऱ्यावर उतरलेल्या कच्छी व्यापाऱ्याला शेवटी नावानेच हुडकत असतील. माझा आक्षेप विश्वासावर नाही. विश्वास ठेवला होता हे विसरून जाण्यावर आहे. पिंगला उत्तर आलं की आपण म्हणतो 'राउटर आहे'. खरं तर एवढंच कळलेलं असतं की कुणीतरी आहे. हा फरक मला डॉक्टरेट मिळेपर्यंत कुणी शिकवला नाही, आणि मीही तो स्वतःहून शिकलो नव्हतो.

तासगावकर त्या कंपनीत आणखी तीन वर्षं होता. द्राक्षबागेवरचं कर्ज फिटलं. दर वर्षी गावाहून आला की किलोभर बेदाणा आणून द्यायचा, मी नको म्हणायचो आणि घ्यायचो. हल्ली तो सोहारला एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे चांगले स्विच आहेत, तरी त्याने एक दोनशे पानी वही केली आहे, खरीखुरी, कागदाची. त्यात प्रत्येक मशीन, त्याचा आयपी, त्याचा मॅक आणि ते कुठल्या टेबलाखाली आहे हे लिहिलेलं. नवीन काही बसवायचं असेल तर बसवणाऱ्याला फोनवर आकडा सांगत नाही, चिठ्ठी लिहून देतो. चिठ्ठीवर दोन रकाने, 'तुझा' आणि 'राउटरचा'.

गेल्या महिन्यात त्याने मला एक फोटो पाठवला. 'एआरपी -ए' ची यादी, त्यातल्या एका ओळीला लाल गोल, आणि खाली एवढंच, "दादा, हा कोण?" त्या मॅकचा पहिला भाग कुठल्याच कंपनीच्या यादीत सापडेना. मग दुसरं अक्षर बघितलं, ते ई होतं. तिथे दोन, सहा, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला पत्ता नसतो, यंत्राने स्वतःच बनवलेला असतो. बहुधा कुणाचा तरी मोबाइल. २०१९-२० पासूनचे फोन वायफायवर आपलं खरं आडनाव सांगतच नाहीत. तसं त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मग वहीत काय लिहू?"

अजून ठरवलेलं नाही. सध्या पेन्सिलीने लिही म्हणालोय.